लिफ्टचा हिशेब

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे
माझं झेरॉक्सचं दुकान.
पासपोर्टचे फोटो, खरेदीखतं, मयताची पत्रकं,
आणि सप्टेंबर लागला की रेझ्युमे.

तेकले आली तेव्हा पेनड्राइव्हवर
अर्धंच पान होतं.
नाव. पत्ता. शाळा.
मग ‘अनुभव’, त्यापुढे दोन टिंबं,
आणि टिंबांपुढे
गाळलेली जागा.

खाली कुठून तरी उचललेली ओळ:
मेहनती, जिद्दी, मिळूनमिसळून काम करणारी.
म्हटलं, पोरी, ही ओळ मी
या महिन्यात चाळीस जणांना छापून दिलीय.
त्यातला एक माझा भाचा.
त्याला मी ओळखतो.

ती हसली नाही.
ओळ मात्र तिनंच खोडली.
पान आणखी पांढरं झालं.

‘तीन वर्षं काय केलंस?’
‘काही नाही. घरी होते.’
आई इटलीत, बारीला, कुणा म्हातारीला सांभाळते.
इथे बापाची डावी बाजू गेलेली, त्याला ही सांभाळते.
पगार एकाच सांभाळण्याला आहे,
हे ती नाही बोलली. मीच बोललो.

‘घरी म्हणजे काय?’
अकरा गोळ्या, तीन वेळा. रक्तदाबाची वही.
औषधवाल्यानं एकदा दुसरीच पट्टी दिली,
ती हिनं काउंटरवरूनच परत केली.
‘असलं कुणी लिहितं का?’
‘माहीत नाही. लिहून बघू.’

लिफ्टचं तर असंच निघालं,
ती पिशवी उचलून निघता निघता.
त्यांच्या इमारतीत लिफ्टला नाणं लागतं.
आत पेटी आहे, वर जायचं तर टाका.
नऊ मजले, छत्तीस घरं,
पेटीची किल्ली हिच्याकडे.
शनिवारी नाणी मोजायची,
त्यातून वीज, तेल, दुरुस्तीवाला गेनो
(तो दोनदा बोलावल्याशिवाय येत नाही),
उरलं तर जिन्यातला दिवा.
पेटीत बटणंही पडतात.
ती वेगळ्या डबीत.
कुठलं बटण कुणाच्या कोटाचं, तिला ठाऊक आहे.

मी खुर्ची पुढे ओढली.
‘तीन वर्षांत किती चुकलं?’
‘चाळीस तेत्री. पहिल्या महिन्यात. मी भरले.’

‘हे लिही.’
‘वित्त व्यवस्थापक असं लिहू?’
नको. लिफ्ट लिही.
मोठे शब्द म्हणजे बापाचा कोट घालून
मुलाखतीला जाणं, बाह्या लोंबतात.
छत्तीस आकड्यात लिही.
चाळीस तेत्रीही लिही.
ती म्हणाली, चूक कशाला सांगायची?
मला उत्तर नीट देता आलं नाही.
तिनं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं
आणि लिहिलं.

शिफारशीला एक नाव हवं होतं.
वर्गशिक्षिका पोलंडला गेलेल्या.
पाद्रीबुवा नको म्हणाली, कारण सांगितलं नाही.
शेवटी चौथ्या मजल्यावरचे वारलाम,
पेटीशी आलं की हमखास खिसे चाचपणारे.
त्यांनी फोनवर सांगितलं, मी टाइप केलं:
‘ही मुलगी दर शनिवारी माझं दार वाजवते.
मला तिचा राग येतो. तिला घ्या.’

औषधांच्या गोदामात नोंदी ठेवायचं काम होतं.
आणखी कुठेकुठेही देणार होती.
दहा प्रती काढल्या, मी आठचे पैसे सांगितले.
तिनं पानं मोजली, भराभर, बोट ओलं न करता.
‘दोन राहिल्या,’ म्हणाली,
आणि नाणी यंत्राच्या काचेवर ठेवून गेली.

काल त्यांच्याच इमारतीत
कुणाचे तरी कागद पोचवायला गेलो.
पेटीवर नवी चिठ्ठी चिकटवलेली, हातानं लिहिलेली:
यापुढे मोजणी रविवारी.
शनिवारी मला काम असतं.

खिशात सुट्टं नव्हतं.
जिन्यानं गेलो. सातवा मजला.
दिवा चालू होता.